व्यापारातील न्याय : राऊल प्रेबिश ह्यांचा विचार आणि माळव्याचा अनुभव

शेतमालाचा भाव, आयातकर, परदेशी बाजारपेठ हे अर्थशास्त्रज्ञांचे विषय होत. धर्मगुरूने अथवा धर्मशिक्षकाने त्यांत लक्ष घालण्याचे कारण नाही, अशी समजूत आपल्यात अजूनही आढळते. परंतु ज्या कुटुंबांची आध्यात्मिक सेवा आपण करतो, त्यांचे सुखदुःख पुष्कळदा ह्याच गोष्टींवर अवलंबून असते. सोयाबीनचा भाव कोसळला की मुलीचे शिक्षण थांबते, मुलगा मजुरीसाठी शहराची वाट धरतो, सावकाराकडील कर्जाचा आकडा वाढतो. अशा घरी जाऊन ‘बाजाराची मर्जी’ किंवा ‘दैव’ ह्या शब्दांनी सांत्वन करणे पुरेसे नाही. बाजाराला स्वतःची मर्जी नसते. बाजारात माणसे असतात, आणि त्यांपैकी काहींना देऊ केलेला भाव नाकारता येतो, काहींना येत नाही. हा भेद नीट समजून घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

त्यासाठी अर्जेंटिनाचे अर्थशास्त्रज्ञ राऊल प्रेबिश (१९०१–१९८६) ह्यांचा विचार आपण पाहू. विकसनशील देशांचा व्यापार आणि त्यांतील विषमता ह्यांविषयी विसाव्या शतकात जी चर्चा झाली, तिचे ते एक प्रमुख प्रवर्तक होत. नंतर तो विचार इंदूर व माळवा ह्या आपल्या परिचयाच्या प्रदेशाच्या इतिहासावर घासून पाहू, आणि शेवटी ख्रिस्तसभेच्या शिकवणीशी त्याचा कोठे संबंध येतो त्याचा विचार करू.

१. जुना सिद्धांत

आंतरराष्ट्रीय व्यापाराविषयीचा रूढ सिद्धांत इंग्लंडच्या डेव्हिड रिकार्डो ह्यांनी १८१७ मध्ये मांडला. त्यांचे उदाहरण प्रसिद्ध आहे : इंग्लंडने कापड विणावे, पोर्तुगालने द्राक्षमद्य करावे आणि दोघांनी अदलाबदल करावी. प्रत्येक देशाने आपल्याला तुलनेने अधिक साधणारी वस्तू निर्माण केली तर एकूण उत्पन्न वाढते आणि दोघांचाही लाभ होतो. ह्या युक्तिवादात तथ्य आहे, आणि आजही कोणी विचारी अर्थशास्त्रज्ञ तो सर्वस्वी टाकून देत नाही.

परंतु व्यापाराने एकूण लाभ होतो असे सिद्ध झाले, तरी त्या लाभाची वाटणी कशी होते हा प्रश्न शिल्लकच राहतो. आपल्याकडे तो फार पूर्वी विचारला गेला होता. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे ह्यांनी १८९२ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजात हिंदी अर्थशास्त्रावर व्याख्यान दिले. इंग्लंडच्या परिस्थितीतून निघालेले नियम सर्व देशांना व सर्व काळी सारखेच लागू पडतात हे त्यांना मान्य नव्हते. हिंदुस्थानने कच्चा माल पिकवावा आणि पक्का माल विकत घ्यावा ही श्रमविभागणी निसर्गाने ठरविलेली नसून ती राज्यसत्तेच्या व इतिहासाच्या ओघात घडलेली आहे, आणि देशात उद्योगधंदे उभारल्यावाचून दारिद्र्य हटणार नाही, असे त्यांचे प्रतिपादन होते. प्रेबिश ह्यांनी अर्धशतकानंतर जी दिशा धरली ती ह्याहून फार वेगळी नव्हती.

२. प्रेबिश ह्यांचा आक्षेप

प्रेबिश ह्यांचा जन्म अर्जेंटिनातील तुकुमान येथे झाला. १९३५ मध्ये त्या देशाची मध्यवर्ती बँक स्थापन झाली तेव्हा तिची सूत्रे त्यांच्याकडे आली. तो जागतिक मंदीचा काळ होता. अर्जेंटिना गहू व मांस विकत असे आणि यंत्रे व पक्का माल विकत घेत असे. मंदीत धान्याचे भाव फार खाली गेले. यंत्रांचे त्या मानाने कमी उतरले. तीच यंत्रे घेण्यासाठी पूर्वीपेक्षा पुष्कळ अधिक गहू द्यावा लागू लागला. रूढ सिद्धांताने ह्याचे समाधानकारक उत्तर मिळेना.

पुढे संयुक्त राष्ट्रांच्या लॅटिन अमेरिकेसाठी असलेल्या आर्थिक आयोगात काम करताना त्यांनी १९४९ मध्ये आपला प्रसिद्ध अहवाल लिहिला. ब्रिटनच्या व्यापाराच्या आकड्यांवरून त्यांनी असे दाखविले की, १८७६–८० ह्या काळात ठराविक कच्च्या मालाच्या बदल्यात पक्क्या मालाचे १०० नग मिळत होते असे धरले, तर १९३६–३८ मध्ये त्याच कच्च्या मालाला केवळ ६४ नग मिळू लागले. त्याच सुमारास जर्मनीतून परागंदा झालेले अर्थशास्त्रज्ञ हान्स सिंगर हेही स्वतंत्रपणे ह्याच निष्कर्षाप्रत आले. म्हणून ह्या सिद्धांताला दोघांचेही नाव दिले जाते.

ह्याची कारणे त्यांनी दोन सांगितली. पहिले मागणीचे. माणसाचे उत्पन्न दुप्पट झाले म्हणून तो दुप्पट धान्य खात नाही; वाढलेले उत्पन्न तो यंत्रे, वाहने, औषधे अशा वस्तूंवर खर्च करतो. शिवाय कापसाऐवजी कृत्रिम धागा, नैसर्गिक रबराऐवजी कृत्रिम रबर असे पर्याय निघतात. म्हणून शेतमालाची मागणी मंदगतीने वाढते.

दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. नवीन तंत्रामुळे उत्पादन स्वस्त झाले की त्याचा लाभ कोणाला मिळतो? औद्योगिक देशांत कामगार संघटित आहेत आणि कारखानदार मोजके आहेत. त्यामुळे तो लाभ वेतन व नफा ह्यांच्या रूपाने तेथेच राहतो, वस्तूची किंमत फारशी उतरत नाही. कच्चा माल पिकविणाऱ्या देशांत शेतकरी असंख्य व विखुरलेले असतात, कामाच्या शोधात हिंडणाऱ्या मजुरांना तोटा नसतो. तेथे उत्पादन वाढले की भाव पडतो आणि सुधारणेचे फळ दूरच्या खरेदीदाराच्या हाती जाते. प्रेबिश ह्यांनी पहिल्या देशांना ‘केंद्र’ व दुसऱ्यांना ‘परिघ’ असे म्हटले. ह्या चर्चेत ‘केंद्र’ म्हणजे नकाशावरील मध्य नव्हे. भाव ठरविण्याचे बळ जेथे एकवटलेले असते ते स्थान.

उपाय म्हणून त्यांनी परिघावरील देशांनी उद्योग उभारावेत, काही काळ त्यांना संरक्षण द्यावे, आणि कच्च्या मालाच्या भावांविषयी आंतरराष्ट्रीय करार व्हावेत असे सुचविले. १९६४ मध्ये संयुक्त राष्ट्रांची व्यापार व विकास परिषद जिनिव्हा येथे भरली. प्रेबिश तिचे पहिले महासचिव झाले. तिचे दुसरे अधिवेशन १९६८ मध्ये नवी दिल्ली येथे झाले. विकसनशील देशांच्या पक्क्या मालाला श्रीमंत देशांत सवलतीचा प्रवेश द्यावा हे तत्त्व तेथे मान्य करण्यात आले.

३. माळव्याची साक्ष

हा विचार आपल्या भूमीवर कितपत खरा ठरतो? इंदूर हे व्यापारानेच वाढलेले शहर. शहराचा सर्वांत जुना भाग असलेल्या जुनी इंदूरचे जमीनदार राव नंदलाल चौधरी ह्यांना १७१६ मध्ये मोगल दरबाराकडून व्यापारी करांच्या माफीची सनद मिळाली, आणि त्या आधारे येथील पेठ भरभराटीस आली. म्हणजे आरंभापासूनच येथील बाजार राजाज्ञेवाचून, केवळ आपोआप, चाललेला नाही. पुढील तीन उदाहरणे पाहावीत.

पहिले अफूचे. एकोणिसाव्या शतकात माळव्याची अफू चीनला जाई. चीनमध्ये तिने जो विनाश केला तो येथे विसरता येत नाही. परंतु आपल्या विषयापुरते तिच्या वाटेकडे पाहू. ही अफू दोन वाटांनी समुद्रापर्यंत पोहोचे : एक मुंबईमार्गे, दुसरी राजपुताना व सिंध ओलांडून कराचीमार्गे पोर्तुगिजांच्या दमणला. कंपनी सरकारने १८३० नंतर मुंबईमार्गे जाणाऱ्या मालाला परवाने देऊन त्यावर कर बसविला. पेटी सुमारे १४० पौंडांची असे. दुसरी वाट मोकळी होती तोवर हा कर फार चढविता येत नव्हता. १८३५ मध्ये तो पेटीमागे १२५ रुपये होता. १८४३ मध्ये इंग्रजांनी सिंध जिंकला आणि दुसरी वाट बंद झाली. त्याच वर्षी कर २०० रुपये झाला, १८४५ मध्ये ३०० आणि १८४७ मध्ये ४००. अफू तीच होती, पेटी तीच होती, कुणब्याचे कष्टही तेच होते. फक्त ‘ह्या वाटेने नेणार नाही’ असे म्हणण्याची सोय उरली नव्हती. गावपातळीवरही हेच चाले : शेतकरी सावकाराकडून उचल घेई, आणि उचल घेतल्यामुळे माल त्यालाच, त्याच्याच भावाने देणे त्याला भाग पडे.

दुसरे उदाहरण गिरण्यांचे. कच्चा माल बाहेर पाठविण्याऐवजी येथेच कापड विणावे, हा प्रेबिश ह्यांचा उपाय इंदूरने त्यांच्या जन्मापूर्वीच अवलंबिला होता. दुसरे तुकोजीराव होळकर ह्यांच्या कारकिर्दीत संस्थानने स्वतःची कापडगिरणी काढली. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मालवा मिल, हुकुमचंद मिल, राजकुमार, कल्याणमल, स्वदेशी, भंडारी अशा गिरण्या उभ्या राहिल्या. हजारो कुटुंबांना भोंग्याच्या वेळेवर चालणारे काम आणि बांधलेला पगार मिळाला. संघटना झाल्या, वस्त्या वाढल्या. परंतु संरक्षणाच्या आडोशाला यंत्रे जुनी होत गेली. यंत्रमाग व कृत्रिम धागा ह्यांच्या स्पर्धेपुढे गिरण्या टिकल्या नाहीत. हुकुमचंद मिल डिसेंबर १९९१ मध्ये बंद पडली. तिच्या कामगारांना आपली थकलेली देणी मिळविण्यासाठी बत्तीस वर्षे न्यायालयांचे उंबरे झिजवावे लागले. २०२३ च्या २५ डिसेंबरला, नाताळच्या दिवशी, सुमारे ४,८०० कामगारांसाठी २२४ कोटी रुपयांची रक्कम अखेर सुपूर्द करण्यात आली. तोवर अनेक कामगारांचा मृत्यू झालेला होता. केवळ कारखाना उभारला म्हणजे न्याय झाला असे नव्हे, हा ह्या इतिहासाचा धडा आहे.

तिसरे उदाहरण आपल्या डोळ्यांपुढचे, सोयाबीनचे. माळव्याची काळी जमीन पूर्वी पावसाळ्यात पुष्कळ ठिकाणी पडीक राही. १९७० नंतर त्या जमिनीत सोयाबीन पसरले. तेल काढणारे कारखाने आले, पेंड परदेशी जाऊ लागली, आणि १९८७ मध्ये सोयाबीनचे राष्ट्रीय संशोधन केंद्र इंदुरातच स्थापन झाले. ह्या पिकाने अनेक घरांवर कौले चढविली हे मान्य केले पाहिजे. तथापि त्याचा भाव देवास वा उज्जैनच्या मंडीत पुकारला जात असला, तरी तो ठरतो शिकागोच्या बाजारात, मलेशियाच्या पामतेलाच्या दरात आणि दिल्लीच्या आयातकराच्या आदेशात. भारत आपल्या खाद्यतेलापैकी निम्म्याहून अधिक बाहेरून आणतो. २०२४–२५ च्या हंगामासाठी सरकारने सोयाबीनचा किमान आधारभाव क्विंटलला ४,८९२ रुपये जाहीर केला होता. पण त्या वर्षी ऑगस्ट–सप्टेंबरमध्ये माळव्यातील अनेक मंड्यांत भाव ४,००० च्याही खाली गेला आणि शेतकरी ६,००० रुपयांची मागणी करीत रस्त्यावर उतरले. सप्टेंबर २०२४ मध्ये कच्च्या खाद्यतेलावरील एकूण आयातकर ५.५ टक्क्यांवरून २७.५ टक्क्यांवर नेण्यात आला. मे २०२५ च्या अखेरीस तो पुन्हा १६.५ टक्क्यांवर आणला गेला. एका आदेशाने शेतकऱ्याला श्वास मिळतो, दुसऱ्याने शहरातील मजुराला तेल स्वस्त मिळते.

ह्यात लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, भारतात येणाऱ्या सोयातेलाचा मोठा वाटा प्रेबिश ह्यांच्याच अर्जेंटिनातून येतो. त्या देशाने केवळ दाणे विकण्यावर समाधान मानले नाही. ते गाळून तेल व पेंड विकण्याचा प्रचंड उद्योग उभारला. एकेकाळी परिघावर असलेला देश आज दुसऱ्या परिघावरील शेतकऱ्याचा प्रतिस्पर्धी आहे.

४. आक्षेप व मर्यादा

प्रेबिश ह्यांच्या सिद्धांतावर टीकाही झाली, आणि ती आपण ऐकली पाहिजे. वस्तूंचा दर्जा काळाबरोबर सुधारतो, आजचे यंत्र १८८० चे यंत्र नव्हे, म्हणून अशी तुलना सरळ करता येत नाही, असे काहींनी म्हटले. गेल्या शतकात शेतमालाचे भाव सतत एकाच दिशेने उतरले नाहीत. ते कधी चढले, कधी कोसळले. मुंबईत जन्मलेले अर्थशास्त्रज्ञ जगदीश भगवती ह्यांनी १९५८ मध्ये असे दाखविले की, काही परिस्थितीत निर्यात वाढूनही देश अधिक गरीब होऊ शकतो. परंतु पुढे तेच खुल्या व्यापाराचे समर्थक झाले, आणि संरक्षणाच्या नावाखाली परवान्यांचे जाळे कसे वाढते हे त्यांनी परखडपणे मांडले. दक्षिण कोरियाने तर बाहेरच्या बाजारात पक्का माल विकूनच आपले दारिद्र्य हटविले.

प्रेबिश ह्यांनी ह्यांपैकी काही गोष्टी स्वतःच ओळखल्या होत्या. अतिरिक्त संरक्षणावर त्यांनी टीका केली. १९८१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या अखेरच्या मोठ्या ग्रंथात त्यांनी परिघाच्या आतील विषमतेकडे बोट दाखविले : गरीब देशांतील वरचा वर्ग केंद्राच्या राहणीचे अनुकरण करतो, आणि जे भांडवल रोजगारात गुंतावयाचे ते चैनीत खर्च होते. म्हणजे केंद्र व परिघ ही विभागणी केवळ देशादेशांत नाही. ती एकाच देशात, एकाच तालुक्यात, पुष्कळदा एकाच गावात असते.

५. ख्रिस्तसभेची शिकवण

ह्या ठिकाणी अर्थशास्त्र व नीतिशास्त्र एकमेकांना भेटतात. पोप तेरावे लिओ ह्यांनी १८९१ च्या आपल्या परिपत्रकात मजुरीविषयी एक मूलभूत तत्त्व मांडले : मालक व मजूर ह्यांनी संमतीने करार केला एवढ्यावरून तो न्याय्य ठरत नाही, कारण उपाशी माणसाची संमती ही खरी संमती नसते. पोप सहावे पौल ह्यांनी २६ मार्च १९६७ रोजी काढलेल्या ‘पोप्युलोरुम प्रोग्रेसियो’ ह्या परिपत्रकात हेच तत्त्व राष्ट्रांच्या व्यापाराला लावले. पक्षांची स्थिती फार विषम असेल तेव्हा खुल्या व्यापाराचा नियम एकटा पुरत नाही, आणि कच्चा माल विकणाऱ्या देशांच्या भावांतील चढउतार त्यांना कसे दुर्बल करतात, हे त्यांनी स्पष्ट सांगितले. प्रेबिश ह्यांच्या मांडणीशी ह्या परिच्छेदांचे साम्य सहज दिसून येते. नवी दिल्लीचे अधिवेशन त्यानंतर वर्षभरातच भरले होते.

ही शिकवण नवी नाही. संदेष्टा आमोस हा तकोवाचा मेंढपाळ. माप लहान करून किंमत मोठी करणाऱ्या आणि दरिद्र्याला जोड्याच्या मोलाने विकत घेणाऱ्या व्यापाऱ्यांवर त्याने कोरडे ओढले. याकोबाच्या पत्रात कापणी करणाऱ्यांची अडकवून ठेवलेली मजुरीच देवापुढे आक्रोश करते. ज्यांनी आपल्या हक्काच्या पैशासाठी बत्तीस वर्षे वाट पाहिली, त्यांना ह्या वचनाचा अर्थ भाष्याशिवाय कळतो.

आपल्या प्रदेशात ह्या शिकवणीची किंमत एका भगिनीने प्राण देऊन मोजली. फ्रान्सिस्कन क्लारिस्ट संघाच्या भगिनी राणी मारिया ह्या देवास जिल्ह्यातील उदयनगर परिसरात भूमिहीन व आदिवासी शेतकऱ्यांमध्ये काम करीत. त्यांनी लोकांना शासकीय योजना समजावून दिल्या, बँकेचे कर्ज मिळविण्यास साहाय्य केले, सावकारावाचून जगता येते हे दाखवून दिले. ज्यांचा त्यामुळे तोटा झाला त्यांना ते सहन झाले नाही. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी इंदूरकडे येणाऱ्या बसमध्ये त्यांची हत्या करण्यात आली. ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदूर येथे त्यांना धन्यवादित घोषित करण्यात आले. त्यांनी व्यापाराच्या सिद्धांतावर व्याख्याने दिली नाहीत. ज्याला एकच वाट होती त्याच्यासाठी दुसरी वाट मोकळी केली. प्रेबिश जी गोष्ट राष्ट्रांसाठी मागत होते, तीच त्यांनी उदयनगरच्या झोपडीसाठी केली.

६. आपल्या सेवेच्या संदर्भात

ह्यावरून आपल्यासाठी काही गोष्टी निष्पन्न होतात. पहिली, दानधर्म आवश्यक आहे, परंतु तो न्यायाची जागा घेऊ शकत नाही. कोसळलेल्या भावाने ज्याचे घर मोडले त्याला धान्याची पिशवी द्यावीच. पण कापणीनंतर लगेच माल विकावा लागू नये म्हणून साठवणीची सोय, बचतगट, सहकारी खरेदी-विक्री, बँकेचे पीककर्ज ह्यांची माहिती त्याला मिळवून देणे हे त्याहून मोठे प्रेमकार्य होय. ह्या सर्वांचा परिणाम एकच : माणसाला ‘आज नाही’ असे म्हणता येते.

दुसरी, प्रवचनात आपण घाईने पक्ष घेऊ नये. तेलाचा भाव वाढावा अशी प्रार्थना करणारा शेतकरी आणि तो उतरावा अशी प्रार्थना करणारी मोलकरीण कदाचित एकाच बाकावर बसलेली असतात. दोघांचेही म्हणणे खरे आहे. अशा वेळी, ह्या दोघांच्या मध्ये जो आहे त्याला किती मिळते, आणि आयातकराचा आदेश काढताना ह्यांपैकी कोणाचे ऐकले गेले, हे प्रश्न विचारावयास शिकवावे.

तिसरी, आपल्या स्वतःच्या संस्थांकडे पाहावे. शाळा, वसतिगृहे, रुग्णालये ह्यांसाठी आपण धान्य, भाजी, गणवेश विकत घेतो, नोकर ठेवतो. तेथे भाव ठरविणारे आपण असतो, आणि समोरच्याला नकार देता येत नाही. ‘केंद्र’ त्या वेळी दूरच्या शिकागोत नसते. आपल्या कार्यालयातील मेजामागे असते.

धर्मशिक्षकांनी आपल्या गटांत पुढील प्रश्नांवर चर्चा घडवून आणावी :

१. आपल्या गावात मुख्य पीक कोणते, आणि त्याचा भाव कोण, कोठे ठरवितो?

२. माल कापणीच्या महिन्यातच विकावा लागतो काय? कोणत्या देण्यामुळे?

३. आपल्या धर्मग्रामातील संस्था गेल्या वर्षी कोणाकडून काय विकत घेत होत्या, आणि त्या भावाविषयी विक्रेत्याला कधी विचारले गेले काय?